हट्टी डॅशहंड पिल्लाला शी-शूची शिस्त कशी लावायची

जुलैतली संध्याकाळ. पिल्लाला खाली नेलं, छत्री धरून वीस मिनिटं गवतापाशी उभं राहिलं, पण त्याने काही केलं नाही. वर येऊन चपला काढेपर्यंत ते पायपुसण्यावर बसून मोकळं झालं. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘हे मुद्दाम करतं.’

ते मुद्दाम करत नाही. डॅशहंडच्या पिल्लाचं पोट जमिनीपासून जेमतेम दोन-तीन बोटांवर असतं. ओलं गवत थेट पोटाला लागतं, ते अंग चोरतं आणि शू धरून ठेवतं. घरात आल्यावर कोरडं, ऊबदार, ओळखीचं वाटतं, अंग सैल पडतं आणि धरलेली शू सुटते. त्यात पायपुसणं पायाला मऊ लागतं. मऊ, शोषून घेणारी जागा म्हणजे शूची जागा, हे बऱ्याच पिल्लांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं.

या जातीची ख्याती हट्टी म्हणून आहे आणि त्यात तथ्यही आहे. जर्मनीत बॅजर नावाच्या, बीळ करून राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या बिळात शिरून त्याला भिडायला हे कुत्रे तयार केले गेले. नावाचा अर्थच ‘बॅजरचा कुत्रा’. बिळाच्या अंधारात मालकाचा इशारा दिसत नाही, तिथे स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून तुमच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हाला खूश करण्याची ओढ या कुत्र्यात लॅब्रॅडॉरइतकी नसते. त्याला प्रत्येक गोष्टीत स्वतःचा फायदा दिसावा लागतो. एकदा दिसला की मात्र ते विसरत नाही. खाली जे सांगितलंय ते पग, शिह त्झू, ल्हासा, पॉमेरेनियन यांनाही लागू पडतं. पाऊस आणि पाठ यांबद्दलचं तेवढं खास डॅशहंडचं.

आधी मूत्राशयाचं गणित

ठोकताळा असा: पिल्लाचं वय महिन्यांत मोजा, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. पण हा आकडा झोपलेल्या किंवा स्वस्थ पडलेल्या पिल्लाचा, आणि तोही मोठ्या जातीच्या. जागं असलेलं, खेळणारं, पाणी पिणारं छोट्या जातीचं दोन महिन्यांचं पिल्लू पाऊण तासाच्या वर धरेल अशी अपेक्षा ठेवू नका. तीन महिन्यांचं झालं की तास-सव्वा तास, चार महिन्यांना दीड-दोन तास. पूर्ण भरवसा ठेवता येईल अशी सवय लागायला छोट्या जातींत आठ महिने ते वर्षाचं वय उजाडू शकतं. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या आठवड्यात घरातले लोक धीर सोडत नाहीत.

पिल्लू कधी आणताय यालाही महत्त्व आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७च्या कुत्रे पैदास आणि विक्री नियमांनुसार बंदी आहे. शी-शूच्या दृष्टीनेही ते बरंच आहे. स्वतःच्या झोपण्याच्या जागेपासून लांब जाऊन मोकळं व्हायचं, हे पिल्लू आईजवळ असतानाच शिकत असतं. लहानशा पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत दिवस काढलेल्या पिल्लाची ती किळस मरते, आणि मग त्याला शिकवायला बराच जास्त वेळ लागतो. आणताना विचारून घ्या की ते कशावर शू करत होतं: वर्तमानपत्र, भुसा, वाळू की नुसती फरशी. त्या जागेवरचा शूचा वास असलेला कागदाचा तुकडा पिशवीत बांधून घरी आणलात तर पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो.

जागा ठरवताना पायाखालचा स्पर्श बघा

फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपण पिल्लाला सांगतो ‘बाल्कनीत कर’. पिल्लू मात्र ‘बाल्कनी’ शिकत नाही, ते पायाखालचा पृष्ठभाग शिकतं. बहुतेक घरांत बाल्कनीत आणि हॉलमध्ये एकसारख्याच गुळगुळीत टाइल्स असतात. बाल्कनीतल्या टाइलवर शाबासकी मिळाली, मग हॉलमधल्या टाइलवर का ओरडतात, हे त्याला कसं कळणार?

शोषून घेणाऱ्या पॅडचंही तसंच. ते कापडासारखं लागतं. पॅडवर तयार झालेलं पिल्लू पुढे पायपुसणं, गालिचा, बाथरूमबाहेरची चटई आणि जमिनीवर पडलेला टॉवेल यांनाही पॅडच समजतं. वर्तमानपत्रावर शिकलेलं पिल्लू सकाळचा पेपर खाली ठेवला की त्यावर बसतं. यात त्याची चूक काहीच नाही.

म्हणून घरात दुसरीकडे कुठेही नसलेला पृष्ठभाग निवडा. सगळ्यात चांगलं गवत, कारण पुढे खालीही तेच वापरायचंय. नर्सरीत हिरवळीचे चौकोनी तुकडे मिळतात. दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये एक-दीड इंच माती टाकून त्यावर तो तुकडा बसवा. गवत पिवळं पडलं की बदला. जमत नसेल तर कृत्रिम गवताची जाळीदार चटई घ्या आणि खाली पाणी साठायला ट्रे ठेवा. ती रोज धुवावी लागते, नाहीतर दोन दिवसांत वास सुटतो आणि पिल्लू स्वतःच तिथे जायचं टाळतं. ट्रेची कड दीड इंचापेक्षा उंच नको, डॅशहंडचे पाय ती ओलांडायला पुरत नाहीत. ट्रे लहानही नको. पिल्लू आधी दोन-तीन गिरक्या घेतं, आणि जागा अपुरी पडली तर पुढचे पाय ट्रेमध्ये आणि मागचे बाहेर असा प्रकार होतो.

बाल्कनीत पाऊस येत असेल तर ट्रे भिंतीच्या कडेला, कोरडा राहील असा ठेवा. पुण्याकडच्या बऱ्याच घरांत वॉशिंग मशीनची ड्राय बाल्कनी असते, ती यासाठी उत्तम. बाथरूम शेवटचा पर्याय, कारण ओली फरशी या पिल्लाला मुळातच नको असते. बाल्कनीच्या कठड्याच्या फटींना आधी जाळी मारून घ्या. हे पिल्लू चार इंचांच्या फटीतूनही सहज पार होतं.

सुरुवातीलाच थेट खाली का न्यायचं नाही? लसी पूर्ण व्हायच्या असतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत ते सोळा आठवड्यांपर्यंत न्यावे लागतात. तोवर भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या जमिनीवर पिल्लू टेकवू नका. बाहेरचं जग दाखवायचंच असेल तर कडेवर घेऊन फिरवा.

पिंजरा किती मोठा हवा

पिंजरा ही शिक्षेची जागा नाही, ती पिल्लाची खोली आहे. उभं राहता यावं, वळता यावं, आडवं पसरता यावं, बस एवढीच जागा. मोठा पिंजरा घेतला तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. मिनिएचर डॅशहंडला मोठेपणी चोवीस इंची पिंजरा पुरतो. तोच आत्ता घ्या आणि मधे जाळीचा पडदा किंवा जाड पुठ्ठा लावून अर्धा बंद करा. आत घडी केलेली जुनी सुती साडी चालेल. पण पिल्लू त्यावर शू करायला लागलं तर आठवडाभर काहीच अंथरू नका. पिंजरा पंख्याखाली ठेवा. बाल्कनीत, उन्हाच्या कवडशात कधीही नको. एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नाही.

पिंजऱ्याची सवय आधी उघड्या दाराने लावा. दोन दिवस सगळी जेवणं आतच द्या आणि दार लावू नका. मग जेवेपर्यंत लावा, मग जेवणानंतर पाच मिनिटं, मग झोपेपुरतं. दिवसा जागेपणी सलग तासाभरापेक्षा जास्त बंद ठेवायचं नाही. तुम्ही दोघंही कामाला जात असाल तर पिंजऱ्याऐवजी चार बाय चार फुटांचं कुंपण, त्यात एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला गवताचा ट्रे, अशी मांडणी करा. दुपारी एकदा तरी कुणी येऊन बघेल अशी सोय हवीच.

रोजचा क्रम

सगळ्या पद्धतीचा गाभा एकच: रिकामं झाल्याशिवाय मोकळं सोडायचं नाही.

पिल्लू उठलं की चालवत नेऊ नका, वाटेतच बसेल. उचलून न्या. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ आडवी सरळ. या जातीचा कणा लांब आणि नाजूक असतो, फक्त बगलेत हात घालून लटकवलं तर त्याच्यावर ताण येतो. ट्रेवर ठेवा आणि एकदाच शब्द उच्चारा, ‘शू कर’. शब्द कुठलाही चालेल, पण आजी, मुलं, कामाच्या मावशी सगळ्यांच्या तोंडी तोच हवा. मग गप्प उभे राहा. बोललात, हात लावलात, मोबाइल वाजला की पिल्लू काम विसरतं.

शू संपून ते उठलं की एक-दोन सेकंदांत, तिथेच ट्रेवर, खाऊ द्या. शेंगदाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. खाऊ आधीच खिशात असू द्या. आत जाऊन फ्रिज उघडून दिलात तर पिल्लू एवढंच शिकतं की फ्रिजपाशी गेलं की खाऊ मिळतो. हा खाऊ इतर वेळी कुणीही द्यायचा नाही, तरच त्याची किंमत राहते. आजोबांच्या चहाबरोबरचं बिस्कीटही पहिले दोन महिने बंद.

खाऊ दिल्यावर लगेच आत येऊ नका, आणखी दोन मिनिटं थांबा. सकाळची पहिली शू पिल्लं बऱ्याचदा दोन हप्त्यांत करतात. दोन्ही झालं की तीस-चाळीस मिनिटं मोकळं, तेही तुमच्या नजरेखाली. पाच मिनिटांत काहीच झालं नाही तर परत पिंजऱ्यात किंवा मांडीवर दहा मिनिटं, मग पुन्हा ट्रे. असं तीनदा-चारदाही करावं लागतं. डॅशहंडच्या बाबतीत इथेच लोक कंटाळतात आणि ‘आता नसेल आली’ म्हणून खाली सोडतात. दोन मिनिटांत सोफ्यामागे ओलं होतं.

कधी कधी न्यायचं? उठल्यावर लगेच. खाल्ल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी. जोरात खेळल्यावर. पाहुणे आल्यावर. पिंजऱ्यातून काढल्यावर. आणि यातलं काहीच झालं नाही तरी वर दिलेल्या वयाच्या हिशेबाने. जेवण तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा मिनिटांनी वाटी उचला. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शीची वेळ कधीच बसत नाही. पण शिक्षा म्हणून जेवण कधीही चुकवू नका. छोट्या जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते, ती थरथरतात, मलूल पडतात, वेळप्रसंगी जिवावर बेततं. पाणीही तोडायचं नाही, फक्त झोपण्याच्या तासभर आधी वाटी उचला. उन्हाळ्यात तेही नको.

रात्री अकराला शेवटची फेरी, मग दीडला आणि चारला गजर. पिल्लाने रडून उठवण्याची वाट बघू नका, नाहीतर रडलं की दार उघडतं हे ते दोन रात्रींत शिकतं. मंद दिवा, बोलणं नाही, खेळ नाही. खाऊचा एक कण दिला की परत पिंजऱ्यात. तीन-चार कोरड्या रात्री गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढे सरकवा.

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि सगळं लिहा. एक उदाहरण घेऊ:

६.०५ उठलं. ६.०७ शू, ट्रे. ६.५० जेवण, पाणी. ७.१५ शी, ट्रे. ७.४० शू, सोफ्यामागे.

यात चूक कुठे झाली? सव्वासातला शी झाली म्हणून घरातले निर्धास्त झाले. पण शू ६.०७ नंतर झालीच नव्हती, आणि मधे पाणी पिऊन झालं होतं. दीड तास! शी आणि शू ही दोन वेगळी खाती आहेत. एक जमा झालं म्हणून दुसरं फिटत नाही. चार-पाच दिवस असा कागद भरला की तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक आपोआप दिसायला लागतं.

मोकळं असताना पाच-सहा फुटांचा हलका पट्टा लावून त्याचं टोक कमरेला बांधा. पिल्लू खोलीबाहेर सटकत नाही आणि खाणाखुणा दिसतात. सगळी पुस्तकी लक्षणं सांगतात ‘जमीन हुंगायला लागलं की न्या’. डॅशहंडचं नाक तर दिवसभर जमिनीलाच असतं. फरक बघा: नुसतं हुंगणारं पिल्लू सरळ रेषेत पुढे जात राहतं. शू आलेलं पिल्लू तोंडातलं खेळणं मधेच टाकतं आणि एकाच जागी छोट्या गिरक्या घेतं. दुसरी गिरकी सुरू होण्याआधी उचला.

घरात झालीच तर

करताना दिसलं तर ‘अरे!’ एवढाच आवाज, उचला, ट्रेवर ठेवा, उरलेली तिथे केली तर खाऊ द्या. नंतर सापडली तर काहीही बोलू नका. नाक घासणं, पेपरची गुंडाळी दाखवणं याने पिल्लू शू टाळायला शिकत नाही, माणसासमोर शू करायचं टाळायला शिकतं. मग ते पलंगाखाली जातं आणि तुम्ही शेजारी उभे असाल तर ट्रेवरही करत नाही. असं बिघडलेलं पिल्लू सुधारायला पहिल्यापेक्षा जास्त दिवस जातात.

आता पुसणं. आधी जुन्या कापडाने किंवा टिश्यूने सगळं टिपून घ्या, पसरवू नका. हे कापड वेगळंच ठेवा. रोजच्या पोछ्याने शू पुसली आणि त्याच बादलीतल्या पाण्याने घर पुसलं की वास सगळ्या खोल्यांत पोचतो. माणसाला येत नाही, पिल्लाला येतो. मावशींना हे कारणासकट समजावून सांगा. नंतर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर एक चमचा पेलाभर कोमट पाण्यात विरघळवून त्या जागी दहा मिनिटं राहू द्या. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, कारण पिल्लं पाय चाटतात. टाइल्सच्या सांध्यांत ब्रश फिरवा, वास तिथेच मुरतो. फिनाइल वापरू नका. वास झाकला जातो, शूचा अंश तसाच राहतो, आणि काळं फिनाइल पंजावाटे पोटात गेलं तर विषारी आहे. ब्लीच शूवर ओतलं तर घशाला झोंबणारा वायू तयार होतो. व्हिनेगर टाइलवर चालतं, पण संगमरवर आणि कोटा फरशीवर नको, दगड खाल्ला जातो.

खाली नेताना, आणि पावसात

शेवटच्या डोसनंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की खालची सवय सुरू. ट्रेमधल्या गवताचा वास लागलेला तुकडा खाली ठरलेल्या जागी ठेवा. लिफ्टमध्ये उचलूनच घ्या, जिन्यावरून कधी चालवू नका. खाली टेकवल्यावर आधी शू, मग फिरणं. शू झाली की लगेच घरी वळलात तर पिल्लू हिशेब मांडतं: शू केली की मजा संपते. मग ते धरून ठेवतं. उलट, शू झाल्यावर दहा मिनिटं हुंगत भटकू द्या. डॅशहंडला खाऊइतकंच ते आवडतं. शी मात्र कागदात किंवा पिशवीत उचलून कचऱ्यात टाका. सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पावसाळ्यात पोट झाकणारा रेनकोट घाला आणि कोरडी, आडोशाची जागा शोधा, पार्किंगच्या कडेची माती, मोठ्या झाडाचा बुंधा. पाच मिनिटांत झालं नाही तर वर येऊन थेट ट्रेवर. मधे खाली सोडायचं नाही. साचलेल्या पाण्यातून मुळीच नेऊ नका. त्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचा धोका कुत्र्याला जसा असतो तसाच तुम्हालाही. लेप्टोची लस घेतली आहे ना, हे जूनच्या आधी डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर पोट, मांड्या आणि बोटांमधल्या फटी कोरड्या पुसा.

जे हट्टासारखं दिसतं पण नसतं

दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब, करताना कुंथणं, गुलाबी रंग, किंवा महिनाभर नीट असलेलं पिल्लू अचानक बिघडणं, ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात. शिकवणं थांबवा, ताज्या लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. तुम्ही दारातून आत आलात की आनंदाने किंवा भीतीने थोडीशी गळते, तिच्यावर पिल्लाचा ताबा नसतो. आल्या आल्या त्याच्याकडे बघू नका, वाकू नका, दोन मिनिटांनी बसून बोलवा. सहाव्या महिन्यानंतर नर पाय वर करून सोफ्याच्या कोपऱ्यावर, पडद्यावर दोन-चार थेंब सोडायला लागला तर तो हद्द आखतोय. त्यासाठी नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं जमत आलेलं असताना घडी विस्कटते, आजार नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: मोकळीक लवकर दिली. आधी फक्त हॉल. दोन आठवडे एकही चूक नाही, मग स्वयंपाकघर. आणखी दोन आठवडे, मग बेडरूम. चूक झाली की एक पायरी मागे, आरडाओरडा न करता.

सवय पक्की झाल्यावरही गवताचा ट्रे आणि पिंजरा टाकून देऊ नका. डॅशहंडमध्ये मणक्यांमधली चकती सरकण्याचा आजार इतर जातींपेक्षा फार जास्त दिसतो. तो झाला तर चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती घ्यावी लागते, आणि शू-शीसाठीही उचलूनच न्यावं लागतं. पिंजऱ्यात शांत पडणारा आणि दोन पावलांवरच्या ट्रेवर, ठरलेल्या शब्दाला शू करणारा कुत्रा त्या सहा आठवड्यांत धडपडत नाही, आणि त्याची पाठ भरून यायला तेवढी सवड मिळते.